वाचकांचे प्रश्न : ताबा दोघांकडे, मग राहायचे कोठे?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयावरची आहेत. विभक्त झालेल्या आईवडिलांनी कोठे राहावे आणि त्या निवडीचा मुलांच्या ताब्यावर काय परिणाम होतो, हे तिघांनीही विचारले आहे. पत्रलेखकांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण त्यातील बरेचसे मुद्दे पुढच्या दोन्ही पत्रांनाही लागू पडतात.

प्रश्न : माझा दोन वर्षांपूर्वी परस्पर संमतीने घटस्फोट झाला. आमची मुलगी आठ वर्षांची असून तिसरीत शिकते. संमतीच्या अटींनुसार तिचा ताबा आम्हा दोघांकडे सामायिक आहे. शाळेच्या दिवसांत ती माझ्याकडे कोथरूडला असते. दर बुधवारी संध्याकाळी आणि शुक्रवार रात्रीपासून रविवार संध्याकाळपर्यंत ती वडिलांकडे बावधनला असते. पुण्यातले घरभाडे आता मला झेपेनासे झाले आहे. माझे आईवडील नाशिकला असतात, वडिलांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला आहे आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीत मला चांगली नोकरी मिळत आहे. मी विषय काढला तेव्हा मुलीच्या वडिलांनी ‘तू खुशाल जा, मुलगी पुण्यातच राहील’ असे उत्तर दिले. मला मुलीसह नाशिकला जाता येईल का? न्यायालय मला अडवू शकते का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या पत्रात दोन प्रश्न एकात एक मिसळले आहेत आणि ते आधी वेगळे करायला हवेत. आपण स्वतः कोठे राहावे, कोठे नोकरी करावी, हे ठरवण्याचा अधिकार पूर्णपणे आपला आहे. घटस्फोटाने किंवा ताब्याच्या आदेशाने तो कमी होत नाही. मुलीने कोठे राहावे हा मात्र तिच्या हिताचा प्रश्न आहे, आणि तो आपण एकटीने किंवा तिच्या वडिलांनी एकट्याने ठरवण्याचा नाही. ‘मुलगी पुण्यातच राहील’ हे त्यांचे मत आहे, आदेश नव्हे. त्याचप्रमाणे ‘आई जाईल तेथे मुलगी जाईल’ हेही आपण गृहीत धरू नये.

न्यायालयांची भूमिका आपल्याला धीर देणारी आहे, पण ती नीट समजून घ्यावी. परस्पर संमतीने घटस्फोट झालेल्या एका आईला ऑस्ट्रेलियात नोकरी मिळाली, तेव्हा 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला मुलासह तेथे जाण्याची मुभा कायम ठेवली. आधीच्या ताब्याच्या आदेशाचा आधार घेऊन आईच्या व्यक्तिस्वातंत्र्यावर मर्यादा घालता येणार नाही, असे त्या निकालात स्पष्ट म्हटले आहे. न्यायमूर्तींनी त्या मुलाशी स्वतः बोलून त्याचा कलही जाणून घेतला होता. आपल्या अधिक जवळचे प्रकरण 2022 चे आहे. पुण्यात नोकरी करणाऱ्या एका आईला कंपनीच्या कामासाठी दोन वर्षे पोलंडला जायचे होते, मुलगी नऊ वर्षांची होती आणि वडिलांचा विरोध होता. मुंबई उच्च न्यायालयाने आईला मूल आणि नोकरी यांपैकी एकाची निवड करायला लावण्यास नकार दिला आणि मुलीला सुट्ट्यांमध्ये भारतात आणून वडिलांना भेटवण्याच्या अटीवर तिला जाऊ दिले.

या निकालांचा आधार आपण जरूर घ्यावा, परंतु एक फरक नजरेआड करू नये. अशा प्रकरणांत मूल प्रामुख्याने आईकडे वाढत असते आणि वडिलांचा वाटा ठरावीक भेटींपुरता असतो. आपली मुलगी दर आठवड्याला वडिलांच्या घरी झोपते, तेथून उठते, तेथे तिची पुस्तके आणि कपडे आहेत. ते तिचे दुसरे घरच आहे. म्हणून आपल्या अर्जाला उत्तर देताना तिचे वडील ‘माझा भेटीचा हक्क जाईल’ एवढेच म्हणणार नाहीत, ‘मुलीचे एक घर जाईल’ असे म्हणतील, आणि त्या म्हणण्यात तथ्य असेल. त्याचे उत्तर आपल्याकडे तयार असले पाहिजे.

सामायिक ताबा म्हणजे नेमके काय, याची व्याख्या आपल्या कायद्यात नाही. विधी आयोगाने 2015 च्या 257 व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली, पालकत्वाची सविस्तर योजना लिहून घ्यावी असेही सुचवले, पण संसदेने तसा कायदा अद्याप केलेला नाही. त्यामुळे आपल्या बाबतीत सामायिक ताब्याचा अर्थ आपल्या संमतीच्या अटींमध्ये जे लिहिले आहे तेवढाच आहे. तो कागद पुन्हा एकदा काढून वाचा. मुलीला न्यायालयाच्या परवानगीशिवाय पुण्याबाहेर राहायला नेऊ नये, शाळा दोघांच्या संमतीशिवाय बदलू नये, असे एखादे कलम बहुतेक वेळा त्यात असते, आणि सही करताना त्याकडे कोणाचे फारसे लक्ष गेलेले नसते. असे कलम असेल तर परवानगीशिवाय गेल्यास तो आदेशाचा भंग ठरेल. नसेल तरीही आठवड्याची वाटणी आदेशात असल्यामुळे ती पाळणे अशक्य होईल असे पाऊल आपण एकतर्फी उचलू शकत नाही.

आता अंतराकडे येते. कौटुंबिक न्यायालयात वकिली करताना मी ताब्याच्या ज्या योजना कोलमडताना पाहिल्या, त्यांतील बऱ्याचशा भांडणामुळे नव्हे, रस्त्यामुळे कोलमडल्या. पुणे ते नाशिक सुमारे 210 किलोमीटर आहे, थेट रेल्वेमार्ग नाही, आणि शुक्रवारी संध्याकाळी चाकणची वाहतूक ओलांडून पुढे जाण्यातच पहिला मोठा वेळ जातो. सध्याची ‘शुक्रवार रात्र ते रविवार संध्याकाळ’ ही वाटणी तशीच ठेवून आपण नाशिकला गेलात, तर मुलगी शाळेतून येऊन दप्तर टाकून गाडीत बसेल, रात्री अकराच्या सुमारास अर्धवट झोपेत वडिलांच्या घरी उतरेल, आणि रविवारी दुपारचे जेवण झाले की परतीची तयारी सुरू होईल. त्यात मैत्रिणीचा वाढदिवस, रविवारची चित्रकलेची परीक्षा, सर्दी-ताप यांना जागा नाही. काही महिन्यांतच ती जायला कंटाळेल, वडिलांना वाटेल की आईने तिचे मन वळवले, आणि आपल्याला वाटेल की वडील तिला फरफटवत आहेत. दोघांचेही चुकीचे असेल. आठ वर्षांच्या मुलीला दर आठवड्याला दहा तासांचा प्रवास सोसत नाही, एवढाच त्याचा अर्थ असेल.

आणि बुधवार तर पूर्णपणे जाईल. तासांच्या हिशेबात बुधवारची संध्याकाळ लहान दिसते. पण शाळेच्या फाटकाशी उभे असलेले बाबा, वाटेत घेतलेले पाणीपुरीचे पार्सल, गणिताचा गृहपाठ, दुसऱ्या दिवशीच्या प्रयोगासाठी ऐन वेळी आठवलेला थर्मोकोल, हे सगळे त्या संध्याकाळी घडते. सुट्टीत भेटणारा पालक मुलाला फिरायला नेतो; मधल्या वारी भेटणारा पालक त्याला वाढवतो. नाशिकला गेल्यावर हा बुधवार कशाने भरून काढणार, हे आपल्या अर्जात सर्वांत आधी आले पाहिजे असे मला वाटते.

त्यासाठी मी सुचवीन ती मांडणी अशी. महिन्यातून दोन शनिवार-रविवार ठरवावेत. त्यांतील एका वेळी मुलीने पुण्याला जावे आणि दुसऱ्या वेळी वडिलांनी नाशिकला येऊन राहावे. दुसरा भाग अनेकांना अवघड वाटतो, पण तो महत्त्वाचा आहे, कारण त्यामुळे मुलीची नवी शाळा, नवा रस्ता, नव्या मैत्रिणी वडिलांना प्रत्यक्ष दिसतात. दिवाळीची सुट्टी अर्धी-अर्धी न करता एक वर्ष त्यांच्याकडे जास्त, एक वर्ष आपल्याकडे जास्त अशी करावी. मे महिन्याच्या सुट्टीचा मोठा भाग वडिलांकडे द्यावा. शाळेच्या दिवसांत आपल्याला मिळणाऱ्या जास्तीच्या वेळेची भरपाई तेथेच होऊ शकते. 2020 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, ज्या पालकाकडे ताबा नाही त्याला मुलाशी रोज पाच-दहा मिनिटे बोलता आले पाहिजे, आणि आईवडील वेगवेगळ्या राज्यांत किंवा देशांत असतील तर या संपर्काचे महत्त्व अधिकच वाढते. आपण एकाच राज्यात राहणार असलात तरी ते तत्त्व लागू होते. फोनची वेळ ठरवून टाकावी आणि त्या वेळी खोलीत आपण बसून राहू नये. शाळेत वडिलांचा क्रमांक आपल्या क्रमांकाच्या शेजारी नोंदलेला असावा, पालकसभेची सूचना त्यांना शाळेकडूनच जावी.

प्रवासाचा खर्च आणि मुलीला पोहोचवण्याची जबाबदारी कोणाची, हे मोघम ठेवू नये. माझे मत असे की जो पालक स्थलांतर करतो, त्याने त्या खर्चाचा मोठा वाटा उचलावा; मात्र स्थलांतराचे कारण भाडे न परवडणे हे असेल आणि दोघांच्या उत्पन्नात बरेच अंतर असेल, तर हा नियम तसाच लावणे अन्याय्य होईल. तेव्हा पोटगीच्या रकमेसह एकत्र विचार व्हावा. मध्यावर, म्हणजे आळेफाट्याला, मुलीला एका गाडीतून दुसऱ्या गाडीत बसवण्याची सूचना हमखास येते. ती कागदावर बरोबर वाटणी असली तरी रात्रीच्या वेळी महामार्गावरच्या हॉटेलसमोर, दोन्ही पालक एकमेकांशी न बोलता उभे असताना, आपली पिशवी घेऊन गाडी बदलणे मुलीला जड जाते. जो घेऊन जाणार आहे त्याने घरापासून घरापर्यंत न्यावे, आणि दोघांनी आळीपाळीने ते करावे.

कार्यपद्धती त्या मानाने सोपी आहे. शाळेतून दाखला काढण्याआधी, नाशिकच्या शाळेत प्रवेश घेण्याआधी आणि शक्यतो नोकरीचा होकार कळवण्याआधी मुलीच्या वडिलांना लेखी कळवा: का जायचे आहे, कधी, कोणती शाळा, त्यांचा वेळ कसा राखणार. निदान दोन-तीन महिन्यांची मुदत द्या. मध्यस्थासमोर किंवा न्यायालयाच्या विवाह समुपदेशकांसमोर बसून एकमत झाले, तर सुधारित अटी लिहून पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात सादर करता येतात. एकमत झाले नाही, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली आदेशात बदल मागण्याचा अर्ज करता येतो. ताब्याचे आदेश कधीच अंतिम नसतात, परिस्थिती बदलली की ते बदलता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 1973 पासून सांगितले आहे. अर्ज जूनच्या तोंडावर न करता आधी करा, कारण सुनावणीला वेळ लागतो आणि ‘शाळा सुरू झाली आहे, आता परवानगी द्याच’ असा आग्रह न्यायाधीशांना आवडत नाही. न्यायाधीश मुलीशी आपल्या दालनात बोलू शकतात. त्यासाठी तिला काहीही पढवू नका. ‘तुला कोणाकडे राहायचे आहे’ हा प्रश्न घरात तर मुळीच विचारू नका; आठ वर्षांच्या मुलीवर ते ओझे टाकण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही.

एक गोष्ट पत्रात विचारलेली नाही, तरी लिहिते. मागे राहणाऱ्या पालकाचे घर अचल आहे असे सगळे जण धरून चालतात. मुलीच्या वडिलांचे काम घरून होण्याजोगे असेल, तर महिन्यातील काही दिवस नाशिकला राहणे त्यांना खरोखर अशक्य आहे का, हे त्यांना विचारायला हरकत नाही. तसेच आईवडिलांना पुण्यात आणणे, शाळेच्या जवळ लहान घर घेणे, भाड्यात त्यांचा हातभार मागणे, हे पर्याय आपण तपासून पाहिलेत असे पत्रावरून दिसत नाही. न्यायालय ते विचारील. नाशिकला जाण्याचे आपले कारण खरे आणि मोठे आहे. ते पर्याय का जमत नाहीत हे सांगता आले, तर ते अधिक भक्कम होईल.

प्रश्न : मी नागपूरला असतो. सात महिन्यांपूर्वी पत्नी चार वर्षांच्या मुलाला घेऊन कोल्हापूरला माहेरी गेली आणि परत आली नाही. मुलगा आता तेथील बालवाडीत जातो. मला त्याच्याशी फोनवरही बोलू दिले जात नाही. ताब्यासाठी नागपूरला दावा लावावा असे मित्र सुचवतात. काही नातेवाइकांचे म्हणणे आहे की सरळ जाऊन मुलाला घेऊन यावे. मी काय करावे?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : नातेवाइकांचा सल्ला मानू नका. बालवाडीच्या दारातून मुलाला उचलून आणलेत तर तो घाबरेल, पत्नी पोलिसांत किंवा उच्च न्यायालयात धाव घेईल, आणि पुढची काही वर्षे प्रत्येक सुनावणीत तोच प्रसंग आपल्याविरुद्ध सांगितला जाईल.

दावा कोठे लावायचा हे आपल्या सोयीवर अवलंबून नाही. 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्याच्या कलम 9 नुसार मूल सामान्यतः जेथे राहते तेथील न्यायालयाला अधिकार असतो. हा कायदा सर्व धर्मीयांना लागू आहे. मुलाचे सामान्य वास्तव्य कोठे आहे हे त्या त्या प्रकरणातील वस्तुस्थितीवरून ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केले आहे. मुलाला नुकतेच नेले असते, तर नागपूरचा आग्रह धरण्यात जोर होता. आता सात महिने झाले आहेत, बालवाडी सुरू झाली आहे. नागपूरला अर्ज केलात तर पहिले वर्ष अधिकारक्षेत्राच्या वादातच जाण्याची भीती आहे. त्या वर्षात मुलगा पाच वर्षांचा होईल आणि तोवर आपण त्याला भेटलेले नसाल. म्हणून कोल्हापूरच्या न्यायालयात जाण्यात कमीपणा मानू नका. पत्नीने घटस्फोटाचा किंवा अन्य वैवाहिक दावा आधीच लावला असेल, तर त्याच न्यायालयात हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली अर्ज करता येईल.

1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असतो. हा नियम अपवादाला जागा ठेवणारा असला, तरी आपल्या पत्रात अपवाद करण्याजोगे काही मला आढळले नाही. तेव्हा आज ताब्यापेक्षा भेटीची मागणी पुढे ठेवा, आणि ती अंतरिम अर्जाने ताबडतोब करा. भेट नाकारण्यासाठी वय हे कारण होऊ शकत नाही.

मागताना मात्र अंतराचा विचार करून मागा. गोंदियाहून कोल्हापूरला जाणाऱ्या महाराष्ट्र एक्सप्रेसला नागपूरहून जवळजवळ पूर्ण दिवस लागतो. ‘दर रविवारी दोन तास, न्यायालयाच्या आवारात’ असा छापील साच्यातला आदेश मिळाला, तर तो आपल्याला पाळता येणार नाही, आणि न पाळल्याची नोंद होत राहील. त्याऐवजी महिन्यातून एकदा सलग तीन-चार दिवस कोल्हापुरात भेट मागा. सुरुवातीला दिवसा, मुलगा रुळल्यावर रात्रीच्या मुक्कामासह. इतक्या लहान मुलासाठी दोन भेटींमधले अंतर फार मोठे नसणे हे एका भेटीच्या लांबीपेक्षा महत्त्वाचे असते. व्हिडिओवर चार वर्षांचा मुलगा गप्पा मारत बसत नाही. त्याच्या जेवणाच्या किंवा खेळण्याच्या वेळी फोन समोर ठेवून आपण नुसते त्याच्या आसपास असावे, असे पत्नीला सुचवा. तिच्याकडून काही मागण्याची सुरुवात येथून होऊ शकते.

आणखी एक. तो पहिलीत जाईल तेव्हा सुट्ट्यांच्या तारखा नेमक्या लिहून घ्या. उन्हामुळे विदर्भातील शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. ‘उन्हाळी सुट्टीचा उत्तरार्ध वडिलांकडे’ असे मोघम लिहिले, तर नागपूरच्या दिनदर्शिकेवरून एक आणि कोल्हापूरच्या दिनदर्शिकेवरून दुसराच अर्थ निघेल. मुलाच्या शाळेची दिनदर्शिका हाच आधार, असे आदेशात यावे.

प्रश्न : घटस्फोटानंतर दोन्ही मुले एक आठवडा माझ्याकडे आणि एक आठवडा आईकडे असतात. आई ठाण्यात नौपाड्याला राहते, मुलांची शाळाही तेथेच आहे. मी सध्या जवळच भाड्याने राहतो. माझ्या बजेटमध्ये बदलापूरला स्वतःचा दोन बेडरूमचा फ्लॅट येतो. मुलांना स्वतंत्र खोली मिळेल. घ्यावा का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : मुले शाळेत आहेत तोवर तेथे राहायला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एक-एक आठवड्याची वाटणी फार थोड्या कुटुंबांना जमते, आणि जेथे जमते तेथे बहुधा दोन्ही घरे शाळेपासून जवळ असतात. मूल विसरलेली वही दुसऱ्या घरून जाऊन आणू शकते. बदलापूरहून सकाळची शाळा गाठायची म्हणजे मुलांना गर्दीच्या लोकलमध्ये चढवणे किंवा पहाटे उठवणे. आपल्या आठवड्यात ती दमतील, खेळाचे वर्ग सुटतील, शिक्षकांच्या लक्षात येईल, आणि वर्षभरात आईकडून वाटणी बदलण्याचा अर्ज आला तर त्याला उत्तर देणे आपल्याला कठीण जाईल. स्वतंत्र खोली ही चांगली गोष्ट आहे, पण पाच-सात वर्षे मुले हॉलमध्ये झोपली तरी त्यांचे काही बिघडत नाही.

गुंतवणूक म्हणून घेऊन भाड्याने देणे हा वेगळा विचार आहे. हप्ता आणि ठाण्याचे भाडे दोन्ही पेलत असेल तर तो जरूर करा. तरीही तेथेच राहायला जाण्याचा विचार मनात असेल, तर करारनाम्यावर सही करण्यापूर्वी शाळा चालू असताना, सोमवारच्या सकाळी, दप्तरे घेतलेल्या दोन्ही मुलांसह बदलापूर स्थानकापासून शाळेच्या फाटकापर्यंत एकदा जाऊन पाहा, आणि मुलांच्या आईलाही आपला विचार त्याआधी कळवा.